ज्यानें आग पेटविली त्यानें

मोशेच्या द्वारें इस्राएल लोकांस जे नियम मिळाले त्यांत निर्गमाच्या २२ व्या अध्यायांतील सहावें वचन जणूं एखाद्या शेतकऱ्यानेंच दुसऱ्या शेतकऱ्यासाठीं लिहिलें आहे असें वाटतें. कोणी आग लावितो. ती कांटेरी कुंपणास लागते. कुंपणावरून शेजाऱ्याच्या रचलेल्या सुड्यांत, उभ्या पिकांत किंवा साऱ्या वावरांत शिरते. तर ज्यानें आग पेटविली त्यानेंच ती हानि भरून द्यावी, असा त्या नियमाचा आशय आहे. आपल्या मंडळ्यांतून हें वचन फारसें वाचिलें जात नाहीं. दहा आज्ञा लेंकरांस पाठ असतात, पण त्यांच्या पुढें दोनच अध्यायांवर असलेला हा बांधावरचा नियम पुष्कळ वडील माणसांसही ठाऊक नसतो.

नियमाची एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आग लावणाऱ्याच्या मनांत कपट होतें काय, हें तो विचारीत नाहीं. वारा त्याच्या सांगण्यावरून सुटला नव्हता, हें खरें. कुंपण वाळलें होतें हा त्याचा दोष नव्हता, हेंही खरें. तथापि काडी त्याच्या हातची होती, आणि एवढेंच पुरे आहे.

परंतु ह्या नियमांत धुराविषयीं एक शब्दही नाहीं. जळालेल्या सुड्या मोजितां येतात, पंच बोलावून वावराचें मोल ठरवितां येतें. धूर बांध ओलांडतो, डोंगर ओलांडतो, समुद्रही ओलांडतो. आणि जेथें उतरतो तेथें दाखविण्यासारखी राख राहत नाहीं. मग त्याची भरपाई कोणीं द्यावी आणि कोणास द्यावी? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे, तो आपल्या चुलीपर्यंत येऊन पोंचतो. कसा, तें आज सांगावयाचें आहे.

भारताच्या आग्नेयेस समुद्रापलीकडे सुमात्रा व बोर्निओ हीं दोन मोठीं बेटें आहेत. सुमात्रा इंडोनेशियाचें आहे, आणि बोर्निओचा मोठा भागही त्याच देशाचा असून त्यास कालिमंतान म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील राइनी मिशनाचे लोक बोर्निओवर सुवार्ता घेऊन गेले, आणि पहिल्या महायुद्धानंतर तें काम बासेल मिशनानें हातीं घेतलें. मंगळूर, धारवाड व हुबळीकडे ज्या मिशनानें शाळा चालविल्या तेंच हें मिशन. म्हणून तेथील दायाक लोकांच्या मंडळ्या आपणांस अगदींच परक्या नाहींत.

त्या बेटांवरील सखल जमीन आपल्या काळ्या किंवा मुरमाड जमिनीसारखी नाहीं. हजारों वर्षें जंगलाचीं पानें, मुळ्या व खोडें तेथें पाण्यांत पडत गेलीं. पाण्याखालीं असल्यामुळें तीं पुरतीं कुजलीं नाहींत, आणि त्यांचा थरावर थर सांचून कित्येक ठिकाणीं जमीन अनेक मीटर खोलपर्यंत ह्याच वस्तूची बनली आहे. इंग्रजींत तिला पीट म्हणतात, तेथील लोक गांबुत म्हणतात. ती ओली आहे तोंवर तिला आग लागत नाहीं. पण चर खणून पाणी काढून दिलें कीं तीच जमीन वाळलेल्या गोवऱ्यांच्या ढिगासारखी होते. गोवऱ्यांचा ढीग कसा पेटतो हें आपल्या वाचकांस सांगावयास नको: वरून विझलेला दिसतो, आंत धुमसत राहतो, ज्वाळा थोडी आणि धूर अपार. गांबुत जमीन अशी आठवडेच्या आठवडे जमिनीखालून जळत जाते. बंब थकतात, माणसें थकतात. शेवटीं पाऊस आला तरच ती विझते.

१९९५ सालीं राष्ट्राध्यक्ष सुहार्तो ह्यांच्या सरकारनें मध्य कालिमंतानांत अशा सुमारें १० लाख हेक्टर जमिनीवर भात पिकविण्याचें ठरविलें. जंगल तोडिलें, हजारों किलोमीटर लांबीचे कालवे खणिले. हेतु वाईट नव्हता. देशास तांदूळ पाहिजे होता. भात जवळजवळ पिकलाच नाहीं, जमिनींतलें पाणी मात्र निघून गेलें. पुढें १९९७ सालीं एल निन्योमुळें अवर्षण पडलें आणि ती उघडी पडलेली जमीन पेटली. त्या वर्षींचा धूर मलेशिया, सिंगापूर व ब्रुनेईपर्यंत पसरला. योजना बंद झाली, कालवे राहिले.

एल निन्यो हा शब्द आपल्याकडील शेतकऱ्यांस आतां ओळखीचा झाला आहे. प्रशांत महासागराचें पाणी तापतें आणि इकडचा पाऊस हटतो. २०१५ सालीं असाच एक जबर एल निन्यो आला. त्या वर्षीं मराठवाड्याच्या विहिरी आटल्या, आणि पुढच्या एप्रिल महिन्यांत लातुरास रेल्वेनें पाणी आणावें लागलें, हें कोण विसरला असेल? आपण ज्या वेळीं आकाशाकडे पाहून पावसासाठीं प्रार्थना करीत होतों, त्याच वेळीं कालिमंतानांतील मंडळ्याही पावसासाठींच प्रार्थना करीत होत्या. भेद एवढाच कीं त्यांस आकाश दिसत नव्हतें.

त्या वर्षीं जून ते ऑक्टोबरपर्यंत इंडोनेशियांत सुमारें २६ लाख हेक्टर जमीन जळाली. जागतिक बँकेनें त्या देशाची हानि १६ अब्ज डॉलरांची मोजली. मध्य कालिमंतानांतील पालांगकाराया शहरीं दुपारींही प्रकाश पिवळा, गढूळ असा असे. हवेच्या दोषाचा जो अंक तिकडे मोजितात तो ३०० च्या वर गेला म्हणजे हवा घातक समजतात. पालांगकारायांत ऑक्टोबर महिन्यांत तो २००० च्या घरांत गेला होता. शाळा बंद राहिल्या. श्वासाच्या विकाराचे पांच लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले.

आतां त्या धुरांत असतें काय, हें थोडें सांगितलें पाहिजे, कारण आपल्याकडे धूर म्हणजे डोळ्यांस झोंबणारी वस्तु एवढीच समजूत आहे. डोळ्यांत पाणी आणणारा धूर आपणांस पळावयास तरी लावितो. खरा घात करणारे कण डोळ्यांस दिसत नाहींत. अडीच मायक्रोमीटरांहून लहान असे ते कण मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढेही नसतात. नाकांतले केस त्यांस अडवीत नाहींत, घशांतला कफ त्यांस धरीत नाहीं. ते फुप्फुसाच्या अगदीं शेवटच्या बारीक पिशव्यांपर्यंत उतरतात, आणि त्यांतील अति सूक्ष्म असतात ते तेथून रक्तांतही शिरतात. म्हणून धुराच्या दिवसांत दमेकरीच तेवढे आजारी पडतात असें नाहीं. हृदयविकाराचा झटका आणि अर्धांगवायु हींही वाढतात. गरोदर स्त्रियांस, तान्ह्या लेंकरांस व म्हाताऱ्यांस भय अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं अशा कणांची मर्यादा एका घनमीटर हवेंत, २४ तासांच्या सरासरीनें, १५ मायक्रोग्रॅम इतकीच ठरविली आहे. तोंडाला ओला पंचा बांधून शेतांत जाणारास आम्ही एवढेंच सांगूं कीं पंचा राख अडवितो, हे कण अडवीत नाहीं.

आणि येथेंच त्या जुन्या नियमाची अडचण उघड होते. अशा रोग्यास मरण आलें तर दाखल्यावर काय लिहितात? हृदय बंद पडलें, फुप्फुसाचा दाह झाला, म्हातारपण. धूर असें कोणीही लिहीत नाहीं. २०१५ सालच्या धुरानें मेलेल्यांची सरकारी गणती फार लहान होती. परंतु २०१६ सालीं हार्वर्ड व कोलंबिया ह्या अमेरिकेंतील विद्यापीठांच्या संशोधकांनीं वारा, धुराचा मार्ग व लोकवस्ती ह्यांवरून असा अंदाज काढिला कीं त्या धुरामुळें तीन देशांत मिळून सुमारें १,००,३०० माणसें वेळेआधीं मेलीं असावीत: इंडोनेशियांत ९१,६००, मलेशियांत ६,५००, सिंगापुरांत २,२००. तेथील सरकारांनीं हा अंदाज मान्य केला नाहीं. गणिताचा अंदाज आहे, चुकूंही शकेल. परंतु त्यांतील अर्धीच माणसें खरीं धरिलीं तरी त्या पन्नास हजारांस पुरणारांपैकीं कोणासही आपल्या माणसाचा मारेकरी कोण हें कधीं कळावयाचें नाहीं. काइनानें हाबेलास मारिलें तेव्हां रक्त तरी भूमीवर पडलें होतें.

आतां दोष कोणाचा, हें ऐका. २००२ सालीं आग्नेय आशियांतील राष्ट्रांनीं कौलालंपूर येथें सीमेपार जाणाऱ्या धुराविषयीं करार केला. ज्या देशांतून धूर निघत होता त्या इंडोनेशियानें त्यास मान्यता दिली ती २०१४ सालीं, सर्वांच्या मागून. जून २०१३ मध्यें सिंगापुरांतील हवेचा अंक ४०१ वर गेला, आणि पुढल्या वर्षीं त्या नगरराज्यानें परदेशांत आग लावून आपल्याकडे धूर धाडणाऱ्या कंपन्यांस दंड करण्याचा कायदा केला. इंडोनेशियाचे लोक म्हणाले, ह्या मळ्यांत पैसा कोणाचा आहे तो पाहा. मलेशिया व सिंगापूर येथील व्यापाऱ्यांचाही आहे. मार्च २०१५ मध्यें इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काल्ला तर असें बोलले कीं शेजारी अकरा महिने आमच्या जंगलाची चांगली हवा घेतात तेव्हां आभार मानीत नाहींत, आणि एक महिना धूर गेला कीं रागावतात. हें वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें, आणि नंतर हसूं राहिलें नाहीं, कारण एदेन बागेंत आदामानें स्त्रीकडे बोट दाखविलें आणि स्त्रीनें सर्पाकडे, तेव्हांपासून आपण सर्व ह्याच रीतीनें बोलत आलों आहों.

कंपन्या म्हणतात, लहान शेतकरी जाळितात. शेतकरी म्हणतो, जंगल साफ करावयास यंत्र आणावें तर पैसा नाहीं. काडी फुकट आहे. दोघांचेंही कांहीं खरें आहे. गरीब मनुष्यावर सारें ढकलणें आम्हांस बरें वाटत नाहीं, कारण कालवे त्यानें खणिले नव्हते, आणि पामच्या झाडांचे कोसच्या कोस मळे त्याचे नव्हत.

पालांगकारायांतील कांहीं नागरिकांनीं मात्र बोटें दाखवीत न बसतां न्यायालयाची वाट धरिली. त्यांनीं राष्ट्राध्यक्षांसह आपल्याच सरकारावर फिर्याद केली कीं आगीपासून आमचें रक्षण करणें तुमचें काम होतें. त्यांनीं पैसा मागितला नाहीं. आगी रोखण्याचे नियम करा, आणि धुरानें आजारी पडलेल्यांसाठीं फुप्फुसाच्या विकारांचें रुग्णालय बांधा, अशा प्रकारचें त्यांचें मागणें होतें. २०१७ सालीं खालच्या न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम ठेविला. पुढें २०२२ सालीं पुनर्विचाराच्या वेळीं त्याच न्यायालयानें तो फिरविला. त्या विधवेची आणि अन्यायी न्यायाधीशाची गोष्ट प्रभूनें सांगितली आहे, ती ज्यांस आठवेल त्यांनीं ह्या लोकांसही आठवावें.

येथवर ऐकून कोणी वाचक म्हणेल, हें सर्व समुद्रापलीकडचें आहे, आम्हांस काय त्याचें? म्हणून आतां चुलीकडे येऊं.

जळालेल्या त्या जमिनीवर पुष्कळ ठिकाणीं जें झाड लाविलें गेलें तें पामतेलाचें. जगांत पामतेल सर्वांत अधिक विकत घेणारा देश आपला भारत आहे. २०१५ सालींही तोच होता, आणि तें तेल मुख्यत्वेंकरून इंडोनेशिया व मलेशिया येथून येतें. बाजाराच्या दिवशीं आपण जीं भजीं घेतों, लेंकरांस जें फरसाण व बिस्किट देतों, अंग धुवावयास जो साबण लावितों, त्यांत पुष्कळदां हेंच तेल असतें. शेंगदाण्याचें तेल महाग झालें तेव्हां गरिबाच्या कढईंत पामतेलानेंच फोडणी दिली, हें आम्ही जाणून आहों. प्रत्येक थेंब जळालेल्या जमिनीचा असतो असें मुळींच नाहीं. ज्या जमिनीवर कधींच आग लाविली गेली नाहीं तिचेंही तेल बाजारांत येतें, आणि पिशवीवरून दोहोंतला भेद आपणांस कळत नाहीं. पामतेल टाका, असें आम्ही सांगत नाहीं. ज्या बाईस महिन्याचें तेल पैसे मोजून भागवावें लागतें तिला हा उपदेश करणें हें परूश्यांचें काम होईल. जड ओझीं बांधून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणें त्यांसच साधे. पण स्वस्त पिशवी हातीं घेतांना ती स्वस्त कां आहे, तिच्या किमतींतला कांहीं भाग कोणीं तरी आपल्या फुप्फुसानें भरिला आहे काय, हा विचार मनांत येऊं द्यावा. आम्हांस तो फार उशिरा आला. शेजारी कोण, असें त्या शास्त्र्यानें प्रभूस विचारिलें होतें. त्याच्या काळीं यरीहोची वाट हीच शेजाराची मर्यादा वाटत असे.

धनवान देशही ह्यांतून सुटलेले नाहींत. २०२३ सालीं कानडा देशांत सुमारें दीड कोटी हेक्टर जंगल जळालें. क्वेबेक प्रांतांतील धूर शेंकडों किलोमीटर दूर न्यूयॉर्क शहरावर आला आणि ७ जून रोजीं तेथें भरदिवसां आकाश नारिंगी झालें. तेथील पुष्कळ आगी विजेनें लागल्या होत्या. परंतु उष्ण व कोरडीं वर्षें वाढत आहेत आणि जंगल अधिक वेळ वाळतें, ह्यांत मनुष्याचा हात आहे.

आणि आपला वणवा? आपल्या डोंगरांत माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत रात्रीं जी दिव्यांची रांग दिसते ती पाहून लहानपणीं आम्हांस आनंद होत असे. आपल्या देशांत जंगलास लागणाऱ्या बहुतेक सर्व आगी मनुष्याच्या हातच्या असतात. गडचिरोली-चांद्याकडे मोहाचीं फुलें वेंचावयास सोपीं जावीं म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात; तेंदूस नवी पालवी फुटावी म्हणून पेटवितात; सह्याद्रीकडे नवें गवत चांगलें यावें म्हणून डोंगर पेटवितात; आणि कोणी तर विडीचें थोटूक टाकून पुढें जातो. मार्च २०२३ मध्यें गोव्याच्या म्हादई अभयारण्यांत व भोंवतालीं आगी लागल्या तेव्हां त्या विझवावयास नौदलाचीं व हवाई दलाचीं हेलिकॉप्टरें आणावीं लागलीं. कोंकणांत राब भाजितात तें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. राबाची आग शेतकरी जवळ उभा राहून राखितो. डोंगराच्या आगीपाशीं मात्र कोणी उभें राहत नाहीं. एका मंडळींत ही गोष्ट निघाली असतां एक वृद्ध बंधु म्हणाले, “साहेब, आमच्या एवढ्याशा टेकडीच्या धुरानें कोणाचें काय वांकडें होणार?” आम्हीं त्यांस विचारिलें कीं टेकडीखालच्या वाडींत दमेकरी कोण कोण आहे. त्यांनीं तीन नांवें सांगितलीं. तिसरें नांव त्यांच्या धाकट्या भावजयीचें होतें, आणि तें घेतांना ते थांबले.

दानीएलाच्या पुस्तकांत ते तिघे तरुण भट्टींतून बाहेर आले तेव्हां त्यांच्या वस्त्रांस आगीचा वाससुद्धां लागला नव्हता असें लिहिलें आहे. तो देवाचा चमत्कार होता. त्या भावजयीच्या पदरास मात्र वास लागतोच.

वन खात्याचे लोक उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढितात, म्हणजे आग पुढें जाऊं नये म्हणून गवताचा पट्टा साफ करितात, हें बहुतेक गांवांस ठाऊक आहे. त्या दिवशीं मंडळींतील तरुणांनीं कोयते व खराटे घेऊन जावें. पाळकांनीं आदल्या रविवारींच तशी सूचना द्यावी. मोहाच्या झाडाखालीं पाला जाळण्याऐवजीं झाडून एका बाजूस करावा, किंवा फुलें पडावयाच्या आधीं खालीं जुनें लुगडें अगर जाळी पसरावी. वणवा लागलाच तर वाडींतील दमेकऱ्यांस, गरोदर बायांस व लहान लेंकरांस वाऱ्याच्या उलट बाजूच्या घरीं न्यावें, दारें-खिडक्या लावून घ्याव्या आणि त्या वेळेपुरती चूलही पेटवूं नये. कालिमंतानांतील मंडळ्यांसाठीं प्रार्थना करावयाची ती भाद्रपद-आश्विनांत करावी. त्यांचा आगीचा हंगाम तो आहे, आणि त्या वेळीं आपल्याकडे बहुधा पाऊस पडत असतो.